एकादशीच्या घरी खेकडा

आमच्या कारखान्यात सळई वाकवून बघतात. घराच्या स्लॅबात घालतात तीच सळई. जालन्याच्या कितीतरी चुली तिच्यावर पेटतात. मालातला एक तुकडा घ्यायचा आणि पुरा १८० अंशांत दुमडायचा. वाकल्या जागी तडा दिसला नाही तर माल पास. दुसरी परीक्षा याहून निर्दय आहे. वाकवलेला तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा, थंड होऊ द्यायचा आणि मग उलटा सरळ करायला घ्यायचा. तेव्हाही चीर पडता कामा नये. मी या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहितोय. मला आजवर कुणी वाकवून बघितलं नाही, म्हणून नोकरी टिकली.

ती परीक्षा शेवटी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं घेतली.

लेक गेल्या वर्षीपासून कराटेला जाते. एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सहा ते सात क्लास असतो. तिला गाडीवर नेणं, तासभर लिंबाखाली बसणं आणि परत आणणं एवढंच माझं काम, आणि ते मी मन लावून करत होतो. फाटकाशीच मोसंबीच्या रसाची गाडी लागते. जालन्यात राहून मोसंबीला नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यामुळे लेक मैदानात घाम गाळायची आणि मी बाहेर दोन ग्लास रस पिऊन तो घाम भरून काढायचो. घरातलं पाणी घरातच.

एके दिवशी कराटेचे सर माझ्याजवळ आले. वय असेल सव्वीस-सत्तावीस. म्हणाले, “काका, नुसतं बसून काय राहता? पालकांसाठी पहिला महिना फुकट आहे.”

घात केला तो ‘काका’नं. ‘साहेब’ म्हणाले असते तर मी हसून रस पीत राहिलो असतो. ‘फुकट’नंही थोडा हातभार लावला, हे हिशेबनीस म्हणून कबूल करतो. ‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या गावाची म्हण आहे. त्या पाळण्यात मी सेहेचाळीस वर्षं झोपून काढलेली. आता उठावं असं वाटलं. शिवाय समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, जन्म १६०८. त्यांनी गावोगाव मारुती बसवले आणि पोरांना जोर-बैठकांना लावलं. त्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला चपलेचा बंद लावताना धाप लागावी, हे बरं नव्हतं.

बायकोला समर्थ पटले नाहीत. मग मी कराटेच्या माहेरचा, ओकिनावाचा दाखला काढला. म्हटलं, “फुनाकोशी गुरुजींनी १९२२ साली टोकियोत कराटे दाखवलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. साधे शाळामास्तर होते.”

“ते दाखवायला गेले होते,” ती कणीक मळता मळता म्हणाली. “तुम्ही शिकायला चाललात.”

पहिल्या दिवशी पांढरा गणवेश चढवला. पट्टा पोटाच्या वर बांधायचा की खाली, या प्रश्नावर आरशासमोर दहा मिनिटं गेली. मैदानात पट्ट्यांच्या रंगानुसार रांग लागते. सगळ्यांत शेवटी मी, माझ्यापुढे पहिलीतलं एक पोरगं, आणि पुष्कळ पुढे पिवळा पट्टा बांधलेली माझी लेक. मी तिला हाक मारली तर मान न वळवता म्हणाली, “पप्पा, इथं पप्पा नसतं. आधी वाका.”

नमस्कारासाठी वाकायचा जपानी हुकूम आहे ‘रे’. आपल्याकडे ‘रे’ हाकेच्या शेवटी येतो. तिथं ‘रे’ म्हटलं की कमरेतून वाकायचं. मी वाकलो. कमरेतून जो आवाज आला, त्यावर पहिलीतल्या पोरानं मागं वळून बघितलं. तेवढ्यात सळईची पहिली परीक्षा झाली. निकाल राखून ठेवण्यात आला.

पण जपानी भाषा मला पहिल्याच दिवशी घरची वाटली. समोर मारायची लाथ ‘माए गेरी’, गोल फिरवून मारायची ‘मावाशी गेरी’. आमच्या पोरांनी त्यांची कधीच माय आणि मावशी करून टाकली आहे. मराठवाड्यात ठेच लागली तरी तोंडून ‘माय’च निघतं, त्यामुळे पहिली लाथ मला उच्चारासकट जमली. आकडे इच, नी, सान, शी असे जातात. ‘शी’ आली की सगळी लहान पोरं नाकाला हात लावून खिदळतात. रोज, न चुकता. मागच्या बाजूला मारायची लाथ ‘उशिरो गेरी’. मी तिला ‘उशिरा गेरी’ म्हणू लागलो. त्या नावात माझं भविष्य लिहिलंय, हे कळायला दोन दिवस लागले.

सगळ्यांत साधी वाटली ती ‘किबा दाची’. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं, घोड्यावर बसल्यासारखं. फक्त खालचा घोडा काढून घेतलेला. सर म्हणाले, “साठ मोजेपर्यंत.” पंधराला मांड्या थरथरू लागल्या. तिसाला शेजारचं पोरगं माझ्या मांड्यांकडे बोट दाखवून म्हणालं, “काका, तुम्हाला फोन येतोय.”

त्या रात्री छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दुखेना. ऑफिसात मी छाती काढून सांगितलं, “लोक उगाच घाबरतात. शरीर मुळात चांगलं असावं लागतं.” हे वाक्य चार जणांनी ऐकलं होतं. पुढे ते चौघं मला भेटतच राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून खाली यायला निघालो आणि पहिल्याच पायरीवर पायांनी संप पुकारला. वर चढताना तक्रार नाही, उतरताना मात्र मांडीत कुणी सुरी फिरवावी तसं होत होतं. मी कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी खेकड्यासारखा तिरका उतरलो. हा खेकडा पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

नेमका त्याच दिवशी गल्लीतल्या हरिनाम सप्त्याचा काला होता. काल्याची पंगत चुकवायची नाही, हा आमच्या घरचा नेम. मी मांडी घालून बसलो, म्हणजे खालच्या दिशेनं अर्ध्यातून सुटलो आणि बाकीचं काम जमिनीनं केलं. पुरी, भाजी, बुंदी झाली. पंगत उठली. मी उठलो नाही. हात टेकून बघितलं, शेजाऱ्याचा गुडघा धरून बघितलं. मांड्या जागच्या हलेनात. तेवढ्यात दुसरी पंगत बसली आणि वाढप्यानं माझ्यापुढे नवी पत्रावळ टाकली. आता काय सांगणार? मी तीही जेवलो. तिसऱ्या पंगतीच्या वेळी वाढपी पत्रावळ हातात धरून थबकला आणि मोठ्यानं म्हणाला, “भाऊ, घरी काही अडचण हाय का?” शेवटी दोन टाळकऱ्यांनी बगलेत हात घालून मला उभं केलं. टाळ थांबले होते, सगळी गल्ली बघत होती.

त्या क्षणापासून माझे गुडघे सार्वजनिक झाले. वास्तविक दुखत होत्या मांड्या. पण पंगतीतून न उठणाऱ्या माणसाचे गुडघेच गेलेले असतात, असं गल्लीचं मत पडलं, आणि मीही ते मोडून काढलं नाही. गुडघा म्हटलं की दुखण्याला वजन येतं. चहाच्या टपरीवर एकानं निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला. दुसऱ्यानं शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिसऱ्यानं हाडजोडीची वेल, चौथ्यानं डिंकाचे लाडू. लाडवांचा सल्ला मी तेवढा त्याच दिवशी अमलात आणला.

टपरीवर एक म्हातारे पैलवान बसतात. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती आमच्या जालन्यात झाली. गादीवरचा आणि मातीवरचा असा दुहेरी थरार गावानं बघितला, आणि अभिजित कटकेला हरवून बाला रफीक शेखनं गदा उचलली. तेव्हापासून हे पैलवान प्रत्येक दुखण्याचा निवाडा त्या कुस्तीच्या आधारानं करतात. माझी हकीकत त्यांनी पुरी ऐकून घेतली. म्हणाले, “आखाड्याच्या मातीत हळद पडती, ताक पडतं, तेल पडतं, लिंबू पडतं. पैलवान दुखणं त्या मातीला सांगतो. तू काहून टपरीला सांगू लागलास?”

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा ते सांगण्यातच मला जास्त गोडी लागली होती. पोट बिघडलं तर माणूस लपवतो. व्यायामानं दुखलं तर लंगडत चौकात येतो. कुणी ‘काय झालं?’ विचारलं की मी आधी उसासा टाकायचो आणि मग सहज सांगितल्यासारखं म्हणायचो, “काही नाही हो. कराटे.”

घरात दोन उपचार सुरू झाले. आई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायची. ती गेली की बायको बर्फाची पिशवी ठेवायची. दोघीही आपापल्या उपचारावर ठाम, आणि मांडी एकच. कारखान्यात लालभडक सळईवर असाच पाण्याचा मारा करतात. तिची बाहेरची कात कडक होते आणि गाभा मऊ राहतो, म्हणून ती वाकते पण तुटत नाही. माझ्यावर हा प्रयोग आठवडाभर चालला. निकाल उलटा आला: बाहेरून मऊ, आतून कडक.

मग मी विज्ञानाकडे वळलो. विज्ञान एका दुकानात काचेच्या कपाटात ठेवलेलं होतं. गल्ल्यावरच्या मुलाचे दंड माझ्या मांडीएवढे होते. तो म्हणाला, “अंकल, जॉइंट सपोर्ट घ्या. ग्लुकोसामिन, कॉन्ड्रॉइटिन, कर्क्युमिन, पायपरिन, बॉसवेलिया. पाचही एकात.” मी मान डोलावली. घरी येऊन मोबाइलवर एकेकाचा अर्थ लावला, तर कर्क्युमिन निघालं हळदीतलं, पायपरिन निघालं मिरीतलं, आणि बॉसवेलिया म्हणजे चक्क आपल्या रानातल्या सालईचा डिंक. मी सळईच्या गावात राहून सालई विकत आणली होती. डबीची किंमत एक हजार आठशे पन्नास रुपये. बायकोला साडेसहाशे सांगितली. राहिलेले बाराशे रुपये मी हिशेबात ‘गाडीची सर्व्हिसिंग’ या खात्यावर टाकले.

नव्वद कॅप्सूल होत्या, रोज तीन घ्यायच्या. मी देवघरातल्या नैवेद्याच्या निष्ठेनं घेऊ लागलो. पंधरा दिवस कराटे बंद ठेवलं, कारण औषध लागू व्हायला शरीराला विश्रांती हवी. मग एक दिवस मैदानात गेलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्यांवर खेकडा झालो. परत विश्रांती, परत कॅप्सूल.

आणि अठराव्या दिवशी डबी संपली.

इथं माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. नव्वद भागिले तीन म्हणजे तीस दिवस. डबी गेली अठरा दिवसांत. म्हणजे रोज पाच खपत होत्या. तीन माझ्या, मग दोन कुणाच्या? मी लेकीकडे बघितलं, तिनं बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी घाईनं नजर आईकडे वळवली.

आई जप करत होती. माळ न थांबवता म्हणाली, “मीच घेते, बापू. सकाळी एक, रातच्याला एक. तूच म्हणलास ना, गुडघ्याचं औषध हाय. मला फरक बी पडला.”

आईचं वय बहात्तर. तिचे गुडघे वीस वर्षांपासून दुखतात, हे मी तिथं उभ्या उभ्या आठवून काढलं. आठवावं लागलं, कारण तिनं ते कधी सांगितलंच नव्हतं. उठताना ती एकदा ‘पांडुरंगा’ म्हणते, बसताना एकदा. त्याला आम्ही भक्ती समजत होतो.

मी तिच्यासाठी लगेच दुसरी डबी आणली. ती आमच्या लेकीच्या हाती पडली. शाळेत तिला पाकिटांवरच्या खुणांचा प्रकल्प दिला होता, त्यामुळे ती हल्ली घरातलं प्रत्येक पुडकं उलटंपालटं करून बघायची. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी असेल तर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण.

“पप्पा,” ती ओरडली, “याच्यावर त्रिकोण आहे!”

मग तिनं भिंगाखाली धरून बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. ग्लुकोसामिन कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून. कॉन्ड्रॉइटिन शार्क माशाच्या कूर्चेपासून.

घरात शांतता पसरली. आई माळकरी आहे. तरुणपणी दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जाऊन आलेली. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी उंबरा ओलांडून आलेलं नाही. समुद्र इथून चारशे किलोमीटरवर. तो एवढं अंतर कापून, कॅप्सूलमध्ये बसून, थेट देवघराच्या फडताळात येऊन राहिला होता. आणि त्या दिवशी होती एकादशी. एकादशीच्या घरी शिवरात्र येते हे ऐकलं होतं. आमच्याकडे खेकडा आला.

आईनं माळ बाजूला ठेवली. “किती खाल्ल्या मी?”

“छत्तीस,” मी म्हणालो. आकडा माझ्या तोंडून सवयीनं बरोबर निघतो.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. “मंग खेकडे किती झाले?”

बावीस वर्षांच्या नोकरीत मला न जमलेला हा पहिला हिशेब.

बायकोनं मात्र वेगळाच निर्णय जाहीर केला. म्हणाली, “उद्या दोघांनाही हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार. आणि जाताना गाडीच्या सर्व्हिसिंगची पावती बरोबर घ्या.”

डॉक्टरांनी आईला अर्धा तास तपासलं. गुडघे दाबून, वाकवून बघितले, फोटो काढला. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलेली होती. “आजी, एवढं दुखत असताना आजवर आला नाहीत?” ते म्हणाले. आई म्हणाली, “घरात एक दुखणाईत पुरे व्हता.”

मग माझी पाळी आली. मला दोन मिनिटं पुरली. “तुमचे सांधे उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाले, आणि मला चक्क वाईट वाटलं. इतके दिवस लंगडून कमावलेली अब्रू एका वाक्यात गेली.

त्यांनी सांगितलं ते असं. सवय नसलेला व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतात. मांडीचा स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन सावरतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. म्हणून चढण्यापेक्षा उतरताना, उठण्यापेक्षा बसताना जास्त कळा येतात. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं, ही जुनी समजूत. ते तासाभरात निघून जातं. हे दुखणं येतं उशिरा आणि तीन-चार दिवसांत आपोआप जातं. पुन्हा तोच व्यायाम आठवड्याभरात केला तर खूप कमी दुखतं, कारण स्नायू शिकलेला असतो.

“तुम्ही पंधरा-पंधरा दिवसांनी जाता,” ते म्हणाले. “म्हणजे स्नायूला शिकवलेलं तुम्ही पक्कं होऊच देत नाही. तुमचा दर वेळी पहिलाच दिवस.”

“आणि कॅप्सूल?”

“नळ गळतोय आणि तुम्ही छप्पर शाकारताय. दुखतोय स्नायू, औषध सांध्याचं.”

आईनं पुढे सरकून विचारलं, “पण मला फरक पडला व्हता. खरंच पडला व्हता.”

डॉक्टर हसले नाहीत. २००६ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या १,५८३ लोकांवर मोठा अभ्यास झाला, असं ते म्हणाले. काहींना यातली ग्लुकोसामिन आणि कॉन्ड्रॉइटिन ही औषधं दिली, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, सहा महिने. पोकळ गोळ्या घेतलेल्यांतही शंभरात साठ जणांना बरं वाटलं. औषध घेतलेल्यांत हा आकडा थोडा वर होता, पण खात्रीनं औषधाचा गुण म्हणावा इतका नाही. मध्यम ते जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात दोन्ही औषधं मिळून काहीसा उपयोग दिसला, एवढंच. “कुणी औषध दिलं, याचाच माणसाला अर्धा आराम पडतो, आजी,” ते म्हणाले. “रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल, तर मात्र हे विचारल्याशिवाय घेऊ नये.”

“आमाला खेकड्याची ॲलर्जीच हाय,” आई म्हणाली. “पंढरपूरची.”

जाता जाता डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. चौदा किलो जास्त. वजन एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार उतरतो, असं म्हणाले. माझं पुढचं गणित मनातच झालं. चौदा चोक छप्पन. मोंढ्यातलं पन्नास किलोचं एक भरलं पोतं, वर सहा किलो सुटी ज्वारी, एवढा माल मी प्रत्येक पावलाला गुडघ्यावर टाकत होतो. आणि त्या गुडघ्याला दोष देत होतो. डॉक्टर शेवटी म्हणाले, सांधा सुजला, गरम लागला, चालताना अडकला किंवा आठवडा उलटून गेल्यावरही दुखत राहिला तर यायचं. नाहीतर यायचं नाही. एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली.

आम्हा दोघांना व्यायाम एकच मिळाला. खुर्चीत ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळून दहा मोजायचे, सावकाश खाली आणायचा. दहा वेळा हा, दहा वेळा तो. जमू लागलं की घोट्याला एक किलो मिठाची पुडी बांधायची. आईला लागेल तेव्हाच घ्यायची एक गोळी वेगळी लिहून दिली.

लेक आईची सर झाली. पहिल्या दिवशी आकडे जपानीत मोजले. चौथ्याला आई म्हणाली, “शी काय? देवघराजवळ नीट बोल.” मग तोडगा निघाला: एक पाय वर गेला की दहा वेळा ‘विठ्ठल’. त्यामुळे व्यायामही व्हायचा आणि जपही. शेजारच्या खुर्चीवर मी. पाचव्या ‘विठ्ठला’ला माझा पाय खाली यायचा. तीन महिन्यांत आईचा एक दिवस चुकला नाही. माझे किती चुकले, ते मी मोजले नाहीत. हिशेबनीस आपल्याविरुद्धच्या नोंदी सहसा करत नाही.

खेकड्याचं प्रायश्चित्त राहिलं होतं. भटजींना विचारावं, असं मी सुचवलं. आई म्हणाली, “भटजी काहून? अंबडला जाऊ, मत्स्योदरीला. तिच्या नावातच मासा हाय. तिला सगळं कळंल.” अंबडची देवी टेकडीवर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून ती मत्स्योदरी. वर जायला पायऱ्या आहेत, आणि आईचा हट्ट की पायऱ्या चढूनच जायचं.

आदल्याच दिवशी मी महिन्याभरानं कराटेला गेलो होतो. “काही दुखत नाही,” असं निघताना म्हणालोसुद्धा. आई एकेक पायरी चढत वर गेली. मध्ये दोनदा थांबली, पण माझ्यासाठी. देवीपुढे हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटली. त्यात ‘छत्तीस’ हा आकडा मला स्पष्ट ऐकू आला.

दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन, सावलीत टेकलो. तासाभरानं उठलो आणि उतरायला निघालो. पहिल्याच पायरीवर माझी मांडी थरथरली. उशिरा गेरी अंबडपर्यंत शोधत आली होती. मी कठडा शोधू लागलो, तर आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, तिनं आधार घेतला. तिची पकड मला बावीस वर्षं बघत आलेल्या सळईसारखी कडक लागली. तिनं मला तसंच धरून, एकेक पायरी मोजत, खाली आणलं.

निम्म्यात एक बाई नारळाचं ताट घेऊन वर येत होती. आम्हाला बघून थांबली. “किती जपून उतरवतोय आईला,” ती शेजारणीला म्हणाली. “असं लेकरू मिळायला पुण्य लागतं माय.”

मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही. पुढच्या पायरीवर ती फक्त ‘पांडुरंगा’ म्हणाली, आणि या वेळी ते तिच्या गुडघ्यासाठी नव्हतं.